मूर्तीचोरी, खोटी कागदपत्रं आणि एक जुना फोटो

आजचा आपला विषय आहे सांस्कृतिक वारशाच्या वस्तूंची तस्करी. मूर्ती, शिल्पं, पोथ्या, चित्रं यांची चोरी, विक्री आणि गुपचूप देशाबाहेर रवानगी. विषय मोठा आहे, म्हणून आम्ही तो एकाच प्रश्नाभोवती मांडणार आहोत. चोरीला गेलेली मूर्ती परत कधी येते? आणि ज्या येत नाहीत, त्या का येत नाहीत?

सुरुवात दोन फोटोंपासून करू. पडद्यावर डावीकडे जो फोटो दिसतोय, तो तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातल्या श्रीपुरंतान गावचा. तिथल्या बृहदीश्वर मंदिरातली ही नटराजाची चोळकालीन कांस्यमूर्ती. पाँडिचेरीच्या फ्रेंच संशोधन संस्थेनं तो १९९४ साली काढला. उजवीकडचा फोटो ऑस्ट्रेलियातला आहे, कॅनबेराच्या नॅशनल गॅलरीतला. या गॅलरीनं २००८ मध्ये न्यूयॉर्कचा विक्रेता सुभाष कपूर याच्याकडून हा नटराज ५० लाख अमेरिकी डॉलरला विकत घेतला.

आता या दोन फोटोंच्या मधे काय घडलं ते पाहू. २००६ च्या सुमारास चोर या मंदिरात शिरले. मंदिर वापरात नव्हतं, नित्यपूजा थांबलेली होती, दाराला कुलूप होतं. आठ मूर्ती गेल्या. गावाला पत्ताच नाही. २००८ मध्ये सरकारी अधिकारी मूर्ती सुरक्षित ठिकाणी हलवायला आले, तेव्हा चोरी उघडकीला आली. आणि त्याच वर्षी तिकडे कॅनबेरात मूर्तीची खरेदी झालेली होती.

गॅलरीनं खरेदीपूर्वी कागद मागितले नव्हते का? मागितले होते, आणि ते मिळालेही. त्यात लिहिलं होतं की ही मूर्ती १९७० च्या सुमाराला दिल्लीत असलेल्या एका सुदानी राजनैतिक अधिकाऱ्यानं विकत घेतली आणि ती त्याच्याबरोबर भारताबाहेर गेली. पावती होती, पत्र होतं, सह्या होत्या. अडचण एवढीच की १९७० च्या सुमाराला देश सोडून गेलेली मूर्ती १९९४ साली श्रीपुरंतानच्या मंदिरात उभी राहून फोटो काढून घेऊ शकत नाही.

त्या एका फोटोपुढे सगळे कागद खोटे ठरले. कपूरला २०११ मध्ये जर्मनीत फ्रँकफर्टला अटक झाली, २०१२ मध्ये भारताच्या ताब्यात देण्यात आलं, आणि अरियलूर जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका मंदिरातल्या चोरीच्या खटल्यात कुंभकोणमच्या न्यायालयानं २०२२ मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. नटराज त्याआधीच, सप्टेंबर २०१४ मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी दिल्लीत आपल्या पंतप्रधानांच्या हाती परत दिला होता. सोबत तामिळनाडूतल्याच वृद्धाचलमच्या मंदिरातली अर्धनारीश्वराची दगडी मूर्तीही आली.

हा धंदा चालतो कसा?

मूर्तीचोरी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर रात्रीचा दरोडा येतो. पण तो या धंद्याचा सगळ्यात स्वस्त भाग आहे. दार फोडणाऱ्याच्या हाती जे पडतं, ते शेवटच्या किमतीपुढे चिल्लर असतं. त्याच्या पुढे स्थानिक दलाल, मग मोठ्या शहरातला व्यापारी. मग निर्यातीचा टप्पा. इथे जुनी मूर्ती नव्या हस्तकलेच्या वस्तूंच्या पेट्यांमध्ये मिसळते आणि कागदावर 'पितळी शोभेची वस्तू' होते. त्यानंतर परदेशातला विक्रेता, आणि शेवटी संग्राहक किंवा संग्रहालय.

या साखळीत खरी किंमत वाढते ती एका टप्प्यावर, मूर्तीला खोटा भूतकाळ मिळतो तेव्हा. ही वस्तू आधी कोणाकडे होती, त्याच्या आधी कोणाकडे, देशाबाहेर कधी गेली, या मालकीच्या इतिहासाला जाणकार खरेदीदार वस्तूइतकंच महत्त्व देतात. इतिहास नसलेली मूर्ती मोठ्या संग्रहालयाला विकता येत नाही. म्हणून तो बनवावा लागतो.

आणि बनवलेल्या इतिहासात तारीख नेहमी १९७० च्या आसपासचीच का असते? त्याचं उत्तर कायद्यात आहे. युनेस्कोचा सांस्कृतिक वस्तूंच्या बेकायदा व्यापाराविरुद्धचा करार १९७० चा. भारतानं तो १९७७ मध्ये मान्य केला. आपला पुरावस्तू आणि कलानिधी कायदा १९७२ चा, तो अमलात आला एप्रिल १९७६ मध्ये. 'या तारखांच्या आधीच बाहेर गेली होती' असं दाखवलं की विक्रेत्याच्या डोक्यावरचं ओझं बरंच कमी होतं. त्यामुळे असल्या कागदांत कोणी तरी आजोबा, कोणी तरी राजदूत, साठच्या दशकाची अखेर, हे ठरलेलं असतं. खरं म्हणजे भारतात निर्यातीवर नियंत्रण १९४७ च्या कायद्यानंच आलेलं होतं, पण बाजारानं स्वतःपुरती सोयीची रेषा आखून घेतली.

कायदा काय म्हणतो?

१९७२ च्या कायद्यातलं आपल्याला हवं तेवढंच सांगतो. किमान १०० वर्षं जुनी मूर्ती, शिल्प, चित्र, नाणं वगैरे म्हणजे पुरावस्तू. हस्तलिखितांसाठी ही मर्यादा ७५ वर्षं. पुरावस्तू देशाबाहेर नेण्याचा अधिकार केंद्र सरकारला किंवा त्यानं नेमलेल्या संस्थेलाच आहे; खासगी माणसाला नाही. देशातल्या देशात व्यापार करायचा तर परवाना लागतो. आणि दगडी, धातूची, लाकडी शिल्पं, चित्रं, सचित्र हस्तलिखितं अशा ठरावीक प्रकारांची नोंदणी मालकानं करून घ्यायची असते, फोटोंसह. आणखी एक जुना कायदा आहे, १८७८ चा. जमिनीत पुरलेलं धन सापडलं आणि ते १० रुपयांहून जास्त किमतीचं असलं, तर कलेक्टरला कळवायचं.

आता युनेस्कोच्या करारातलं सातवं कलम बघा. संग्रहालय, धार्मिक वास्तू किंवा सार्वजनिक स्मारक यांतून चोरलेली वस्तू सदस्य देशांनी आयात होऊ द्यायची नाही आणि मूळ देशानं मागितल्यावर ती परत मिळवून द्यायला मदत करायची, असं ते म्हणतं. मात्र एक अट आहे. ती वस्तू त्या संस्थेच्या यादीत नोंदलेली असली पाहिजे.

इथे थोडं थांबू या. आपल्या गावच्या देवळात किती मूर्ती आहेत, याची यादी कोणाकडे आहे? गुरवांना तोंडपाठ असेल, आजीला माहीत असेल. पण करारातल्या यादीचा अर्थ कागद असा होतो. ज्याची नोंद नाही, ते चोरीला गेलं हे सिद्ध करणंच कठीण, कारण आधी ते होतं हे सिद्ध करावं लागतं. यानंतर, १९९५ मध्ये, युनिद्रुआ नावाचा आणखी एक करार झाला. त्यात खरेदीदारावर जास्त जबाबदारी आहे, त्यानं पुरेशी चौकशी केल्याचं दाखवलं तरच त्याला भरपाई मिळते. पण त्या करारात भारत सहभागी नाही.

दोन जुनी प्रकरणं

पहिलं प्रकरण शिवपुरमचं. तंजावर भागातल्या या गावी १९५१ मध्ये शेतात कांस्यमूर्ती सापडल्या. त्यातला नटराज देवळात आला. काही वर्षांनी मूर्ती दुरुस्तीला पाठवल्या गेल्या. परत आला तो नटराज हुबेहूब, पण नकली. लोक त्याची पूजा करत राहिले. अस्सल मूर्ती मात्र मुंबईतल्या एका संग्राहकाकडून पुढे न्यूयॉर्कला आणि तिथून १९७३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या नॉर्टन सायमन यांच्याकडे पोचली, सुमारे ९ लाख डॉलरला. दरम्यान ब्रिटिश म्युझियमचे अभ्यासक डग्लस बॅरेट यांनी १९६५ मध्येच लिहून ठेवलं होतं की देवळातली मूर्ती खरी नाही. भारतानं दावा लावला, १९७६ मध्ये तडजोड झाली, आणि दहा वर्षं अमेरिकेत प्रदर्शनात राहून नटराज १९८६ मध्ये परत आला.

आम्ही हे प्रकरण मुद्दाम सांगतो, कारण आपल्याकडेही मूर्तींना सगळ्यात मोठा धोका दरोड्याच्या रात्री नसतो. तो असतो जीर्णोद्धाराच्या महिन्यांत. जुनं देऊळ उतरवलं जातं, मूर्ती आणि वीरगळ बाहेर वडाखाली मांडले जातात, कामगार, कंत्राटदार, पाहुणे येत-जात असतात. काम संपल्यावर मोजायला कोणी बसत नाही.

दुसरं प्रकरण पत्तूरचं, तेही तामिळनाडूतलं. १९७६ मध्ये पडक्या शिवमंदिराच्या जागेत खणताना एका मजुराला नटराज सापडला. कलेक्टरला कळवायचं सोडून तो विकला गेला, लंडनला पोचला, आणि १९८२ मध्ये कॅनडातल्या एका कंपनीनं अडीच लाख पौंडांना घेतला. लंडन पोलिसांनी तो जप्त केला. पण या मूर्तीचा फोटो कसा असणार? ती शेकडो वर्षं जमिनीखाली होती! मग काय केलं? तिच्याच जागी सापडलेल्या इतर मूर्तींशी घडण ताडून पाहिली. तामिळनाडूचे पुरातत्त्वज्ञ आर. नागस्वामी लंडनच्या न्यायालयात तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभे राहिले. वर्षानुवर्षं खटला चालला. १९९१ मध्ये अपील न्यायालयानं मान्य केलं की मंदिर ही कायद्याच्या दृष्टीनं व्यक्ती आहे आणि ते स्वतः दावा लावू शकतं. मूर्ती परत आली.

श्रीपुरंतान आणि पत्तूर शेजारी ठेवून पाहा. जिथे फोटो होता तिथे खोटा कागद टिकला नाही. जिथे फोटो नव्हता तिथे खंडीभर पुरावा, तज्ज्ञांची फौज आणि जवळजवळ दशकभराची न्यायालयीन लढाई लागली. प्रत्येक गावासाठी अशी लढाई कोण लढणार?

फोटो इतका बलवान का ठरतो?

दक्षिणेतल्या कांस्यमूर्ती मेणाच्या साच्यानं घडवतात. आधी मूर्ती मेणात करायची, तिच्यावर मातीचे थर द्यायचे, भाजून मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत धातू ओतायचा. थंड झाल्यावर साचा फोडावाच लागतो. त्यामुळे प्रत्येक मूर्ती एकुलती एक. ओतताना राहिलेला खड्डा, ज्वालांच्या वलयातली एखादी वाकडी ज्वाला, पाठीमागचा सांधा, हे तिचे बोटांचे ठसे. स्पष्ट फोटो असेल तर हे ठसे जुळवता येतात.

पाँडिचेरीच्या त्या फ्रेंच संस्थेनं १९५६ पासून दक्षिणेतली देवळं फिरून लाखाहून अधिक छायाचित्रं जमवली. काढणाऱ्यांचा हेतू शिल्पांचा अभ्यास हा होता. चोर पकडायचा विचारही नसेल. पण १९५८ मध्ये आनंदमंगलम गावात काढलेल्या फोटोंवरून १९७८ साली चोरीला गेलेले राम, लक्ष्मण आणि सीता लंडनमध्ये ओळखले गेले आणि २०२० मध्ये भारताला परत मिळाले. तसंच उत्तर प्रदेशात बांदा जिल्ह्यातल्या लोखरीच्या योगिनींचं. विद्या दहेजिया यांनी योगिनी मंदिरांवरच्या संशोधनात त्यांची नोंद केली होती. तिथली बकरीच्या तोंडाची योगिनी इंग्लंडमधल्या एका घराच्या बागेत सापडली आणि २०२२ मध्ये परत आली. नालंदाच्या संग्रहालयातून १९६१ मध्ये चोरीला गेलेला कांस्यबुद्ध २०१८ मध्ये युरोपातल्या एका कलामेळ्यात जाणकारांनी ओळखला, आणि त्याच वर्षी १५ ऑगस्टला लंडनमध्ये तो भारताच्या हवाली झाला. ५७ वर्षांनी.

अलीकडे परतीचा वेग वाढला आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये एकट्या अमेरिकेनं २९७ वस्तू परत केल्या. त्याच वर्षी जुलैत दोन्ही देशांत सांस्कृतिक वस्तूंबाबत करारही झाला होता. या बातम्या वाचून आपल्याला आनंद होतो, व्हायलाच हवा. पण परत आलेली प्रत्येक मूर्ती देवळात जातेच असं नाही. तामिळनाडूत अनेक मूर्ती सरकारी सुरक्षा केंद्रांच्या गजाआड ठेवल्या आहेत, कारण गावात त्या सांभाळण्याची सोय नाही. आणि कित्येक वस्तू कुठल्या गावच्या, हेच सांगता येत नाही, कारण त्या गावानं कधी फोटो काढलेला नाही.

आमची एक चूक

आता थोडं आमच्याविषयी, कारण दुसऱ्यांना सांगताना स्वतःचं झाकून ठेवणं बरं नाही. आम्ही काही मित्रमैत्रिणी सुट्टीच्या दिवशी जुनी देवळं बघायला जातो. एका गावात देवळामागे एक देखणा वीरगळ होता. तीन टप्पे, वर चंद्र-सूर्य, खाली लढाई, मधल्या टप्प्यात वीराला नेणाऱ्या अप्सरा. दोन वर्षांनी गेलो तर देऊळ नवं झालेलं, फरशी चकचकीत, आणि वीरगळ नाही. कोणी म्हणालं पायात गेला, कोणी म्हणालं कोणी तरी नेला. गावातले एक काका तक्रार द्यायला आमच्याबरोबर आले. पहिला प्रश्न आला, "फोटो आहे का?"

होता ना! मोबाइलमध्ये सात फोटो होते. सातही फोटोंत आम्हीच वीरगळासमोर हसत उभे होतो. मागे दिसत होता तो चंद्र आणि कोणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारा घोड्याचा पाय.

तेव्हापासून आमच्या पिशवीत फूटपट्टी असते.

मग करायचं काय?

जगभर यासाठी एक सोपी पद्धत मान्य झाली आहे. तिचं नाव ऑब्जेक्ट आयडी, ती १९९७ पासून वापरात आहे. गावपातळीवर ती अशी वापरता येते.

एक, प्रत्येक मूर्तीचे वेगळे फोटो काढा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, आणि पीठाचा वेगळा. शेजारी फूटपट्टी ठेवा. फ्लॅश टाळा, बाजूनं येणाऱ्या उजेडात कोरीव काम आणि अक्षरं नीट उठतात. मूर्ती वस्त्रालंकारात असेल तर अभिषेकाच्या वेळी, पुजाऱ्यांना विचारून.

दोन, व्यंग टिपा. तुटलेलं बोट, कानाजवळचा टवका, जुना सांधा. सुंदर भाग सगळेच टिपतात, ओळख मात्र व्यंगावरून पटते.

तीन, कागदावर लिहा. काय आहे, कशाची आहे, उंची-रुंदी, कुठे ठेवली आहे, लेख असला तर तो, आणि तारीख. खाली दोघातिघांच्या सह्या.

चार, प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. देवस्थानच्या कपाटात एक, ग्रामपंचायतीत एक, जवळच्या संग्रहालयाला किंवा पुरातत्त्व खात्याला एक. देवळाबरोबर नोंदवहीही गेली तर काय उपयोग?

पाच, जीर्णोद्धार सुरू होण्याआधी आणि संपल्यावर यादी वाचून दाखवा. ग्रामसभेत.

सहा, काही गेलं तर त्याच दिवशी पोलिसांत फिर्याद द्या. 'उगाच गावाची बदनामी' म्हणून गप्प बसलेल्या गावाला पुढे परदेशी न्यायालयात हक्क सांगता येत नाही. फिर्याद असेल तर वस्तूची नोंद इंटरपोलच्या चोरीच्या वस्तूंच्या यादीपर्यंत जाऊ शकते. ती यादी सामान्य माणसालाही २०२१ पासून आयडी-आर्ट या मोफत ॲपवर पाहता येते.

एक सावधगिरी. कुठल्या ओसाड देवळात काय आहे आणि कुलूप आहे की नाही, हे समाजमाध्यमांवर जाहीर करू नका. नोंद हवी, जाहिरात नको.

श्रोत्यांचे प्रश्न

प्रश्न आला आहे की, परदेशात निदान सुरक्षित तरी राहतात, मग इतका अट्टहास कशाला?

प्रामाणिक प्रश्न आहे. आपल्याकडे हेळसांड होते, हे आम्ही आत्ताच कबूल केलं. पण त्यांना 'सुरक्षित' ठेवण्यासाठी पैसे मोजले जातात म्हणूनच इथली दारं फुटतात. खरेदी थांबली तर चोरीचं कारणच उरत नाही. शिवाय चोरीत मूर्तीचे पाय तुटतात, शेजारच्या मूर्तींपासून ती तुटते, ती कोणाची होती हे ज्ञान कायमचं जातं.

दुसरा प्रश्न. घरात पणजोबांच्या काळापासूनचे देव आहेत. नोंदणी केली तर सरकार नेईल का?

नोंदणी केली म्हणून वस्तू सरकारजमा होत नाही, मालकी तुमचीच राहते. मालक बदलला तर कळवावं लागतं. तुमच्याकडचे देव नोंदणीच्या प्रकारांत बसतात का, हे पुरातत्त्व खात्याच्या नोंदणी अधिकाऱ्याला विचारा. नोंदणी लागू नसली तरी फोटो आणि मापं घरच्या घरी काढून ठेवा.

तिसरा प्रश्न दिवेआगरबद्दल आहे. फोटोनं तिथे काय साधलं असतं?

खरं आहे, तिथे काही साधलं नसतं. मार्च २०१२ मध्ये दिवेआगरच्या सुवर्णगणेशाच्या चोरीत पहारा देणाऱ्या दोघांचा जीव गेला आणि चोरांनी सोनं वितळवलं. नंतर मिळालेल्या सोन्यातून नवा मुखवटा घडवला आणि तो २०२१ मध्ये पुन्हा बसवला, पण जुना तो गेलाच. मौल्यवान धातूच्या वस्तूला पहारा आणि तिजोरीच लागते, आणि पहारेकऱ्याच्या जिवाची काळजीही. फोटो चोरी थांबवत नाही. तो चोरीच्या मालाची विक्री अवघड करतो. पण दगडाच्या, कांस्याच्या, लाकडाच्या ज्या मूर्ती वितळवण्यासाठी नव्हे तर दाखवण्यासाठी चोरल्या जातात, त्यांच्या बाबतीत एवढं पुष्कळ आहे. आणि आपल्या गावांतल्या बहुतेक मूर्ती अशाच आहेत.

वेळ संपत आली. शेवटी एकच विनंती. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा देवळात फोटो जरूर काढा, सगळ्यांबरोबर काढा. मग सगळ्यांना बाजूला व्हायला सांगा आणि आणखी एक काढा.